न बिघडणारं लिनक्स

हॅलो?… हो, आईच बोलतेय. घरात दुसरं आहे कोण?… कॉम्प्युटर? चालू होतोय, पण रोज तीच पाटी येते… हो, विंडोजची. म्हणे, यापुढे आधार मिळणार नाही. म्हटलं, बाई, हे तू मला नव्याने काय सांगतेस!… काही नाही, असंच.

लिनक्स? विंडोजच्या जागी? टाक की. शनिवारी येतोच आहेस, तेव्हा…

पुन्हा नाही?

…बरं. नाही रे, रागावले नाही. खोली आवरून ठेवली होती, एवढंच… हो, हो, सुट्टी मिळत नाही. माहितेय.

पेनड्राइव्ह? कुरिअरने?… आणि मी घालायचा? तू फोनवरून सांगणार, मी बटणं दाबणार… अरे, ऐक ना. वकीलबाईंचे कागद टाइप करते मी. माझी बोटं जुन्या टाइपरायटरला वळलेली. मागच्या खेपेला तसा कीबोर्ड बसवायला तू अख्खी दुपार इथे शेजारी बसला होतास… तेही फोनवरून होईल? छान. सगळंच होतं हल्ली फोनवरून.

लिनक्सचेही प्रकार असतात? त्यातून मी काय निवडणार?… सांग बाबा, सांग. मिंट… हं, दिसायला जुन्यासारखंच. उबंटू… आणि तिसरं? डेबियन. तुझ्या लग्नाला एवढी स्थळं पाहिली नव्हती रे!… हसतोयस काय?

हं… एकदा बसवलं की वर्षानुवर्षं बघायला नको?… कुणाला बघायला नको? मला, की तुला?

…नाही, टोमणा नाही. विचारलं.

मागे प्रिंटर अडला तेव्हा आलास. त्याआधी पडदा काळा झाला तेव्हा. बिचारं जुनं खोड, पण तुला घरी आणत होतं… अरे, मुद्दाम कशाला बिघडवीन? काहीतरीच तुझं!

तुझ्याकडे यातलं कोणतं?… चौथंच? मग ते नाही दाखवलंस मला… रोज नवं काहीतरी येतं, म्हणून मोडतं? सोमवारी बंदच पडलं?… अगंबाई! मग रे?… नीट कधी केलंस, कामावरून आल्यावर?

…सुट्टी काढलीस?

अख्खा दिवस?

…नाही. मी कुठे काय म्हणाले?… हो, तुझं काम अडलं असतं. कळतं रे… हो, हो, माझंही अडतं, पण ते असू दे.

ऐक, ठरलं माझं. मिंट नको, डेबियनही नको. तुझं ते चौथं पाठव… झेपायचं काय त्यात? मोडेल, एवढंच ना?

मोडू दे. ते मोडलं की तुला सुट्टी मिळते.

…हॅलो?… आहेस ना?

…बरं. जा, तुझी मीटिंग असेल. ठेवते.