डार्सी बोडनारला बाहेर काढताना

या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष आणि ओक फोर्क आइस हॉकी क्लबचे मालक माननीय हॅल्वर्सनसाहेब, व्यासपीठावरच्या नगराध्यक्षबाई, आजचे सत्कारमूर्ती डार्सी बोडनार, त्यांच्या पत्नी कॉलीन आणि ओक फोर्ककर मित्रहो,

मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलंत, याचं तुमच्याइतकंच मलाही आश्चर्य वाटतंय. शेजारच्या ब्रॅन्सनच्या संघातून मी वर्षानुवर्षं तुमच्या या लाडक्याला ठोसे मारले. आता गळ्यात शिट्टी घालून पंच झालो, तर याच गावात शिव्या खातो. "आंधळा लॉर्न" असं कोण ओरडलं? मागच्या रांगेतले काका, तुमचा आवाज ओळखीचा आहे. ताटात पिरोगीच्या करंज्या उरल्या असतील तर एक तोंडात घाला.

तर डार्सीची कारकीर्द. त्याने गोल केले का? केले की! एकदा चकती त्याच्या पाठीला लागून आत गेली, तेव्हा हा माझी कॉलर धरून उभा होता. गोल आपण केला हे त्याला दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळलं. त्याचं खरं काम वेगळं होतं. साहेबांच्या नाजूक खेळाडूंना कुणी धक्का दिला, की याने जाऊन त्याचा समाचार घ्यायचा. ब्रॅन्सनकडून तेच काम माझ्याकडे.

पण आम्ही आधी विचारायचो हं! मी म्हणायचो, "काय रे, करायची का सुरुवात?"

"आत्ता नको यार, खांदा ठणकतोय. पुढच्या डावात बघू."

"बरं. कॉलीन कशी आहे?"

"मजेत. चल, जाऊ दे, येच आता."

मग हातमोजे खाली, आणि तुम्ही सगळे खुर्च्यांवर उभे! नंतर शिक्षेच्या बाकावर बसून हा मधल्या काचेतून मला तुटलेला दात दाखवायचा. "खोटा होता! फुकट गेला तुझा ठोसा!" अशा माणसाचा राग तरी किती दिवस धरणार?

आता तुमच्या गावातला आवडता विनोद सांगतो. मी खेळलो तो शेवटचा हिवाळा. डार्सीचं डोकं कडेच्या फळीवर आपटलं. हा उठला आणि ऐटीत आमच्याच बाकावर येऊन बसला. "सरक ना जरा," म्हणाला. तुम्ही पोट धरून हसलात, आम्हीही हसलो. मी म्हटलं, "डार्सी, तुझा बाक पलीकडे." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मग तू इथे काय करतोयस?"

तो मला आपल्याच संघातला समजत होता. माझं हसू तिथेच थांबलं.

क्लबने काय जाहीर केलं? 'शरीराच्या वरच्या भागाला दुखापत.' वा! डोकं वरच्याच भागात येतं, खोटं कसं म्हणणार? आणि त्याच आठवड्यात साहेबांनी त्याला पुन्हा बर्फावर उतरवलं. हल्ली हा दुकानापाशी गाडी लावतो, चालत घरी येतो आणि गाडी चोरीला गेली म्हणून पोलिसांना फोन करतो. पोलिसांनाही आता गंमत वाटते. कॉलीनला वाटत नाही.

निदान आज तरी हे सगळं संपलं, असं मी समजत होतो. पण मघाशी दाराशी कोट टांगताना कानावर आलं. साहेब याच्या गळ्यात हात टाकून म्हणत होते, "जानेवारीत पोरं कमी पडतात रे. चार सामने येशील ना?" आणि हा बैल म्हणतो, "मी कधी नाही म्हटलंय का, साहेब?" शेजारी कॉलीन उभी होती. मला फार राग आला.

साहेब, ताटात कशाला बघताय? हा तुमचाच समारंभ आहे.

असो. आयोजकांचे आणि रांधणाऱ्या सगळ्या बायकांचे मनापासून आभार. डार्सी, तुला नाही म्हणता येत नाही आणि आता ते येणारही नाही. म्हणून तुझ्या वतीने मी म्हणतो. या भागातल्या सामन्यांना पंच मीच असतो. तुझं पाऊल बर्फावर पडलं, की त्याच क्षणी मी तुला बाहेर काढीन. कारण मागाहून शोधीन. तू चिड, मला मार, पण कॉलीनबरोबर घरी जा.

बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर पोटात घाला. हॅल्वर्सनसाहेब, तुमची मात्र मी माफी मागत नाही.