कोर्टापुढच्या बाकाच्या जागी हंडा घालून बसल्याबाबत

पोलीस ठाणे, कॉटर्स लँडिंग, मिसिसिपी
दिनांक १३ ऑगस्ट १९७७, वार शनिवार, दुपारी २ वाजून १० मिनिटे

मी, ओलेथा पिकेट, कै. ल्यूशियस पिकेट यांची विधवा, वय ८१ वर्षे (आईच्या सांगण्यावरून, कागद नाही), धंदा पूर्वी लोकांच्या घरी धुणं व स्वयंपाक, हल्ली काही नाही, राहणार कापसाच्या गिरणीमागची आळी, समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे :

मी वरील ठिकाणी एकटी राहते. मला लिहिता-वाचता येत नाही. हा जबाब अंमलदार वेंडेल सायक्स लिहून घेत आहेत. ते गेल्या महिन्यात नोकरीला लागले असून या गावातले पहिले काळे पोलीस आहेत. धंद्याच्या रकान्यात ‘लोकांना नावं ठेवणं’ असं लिहा म्हणून मी सांगितलं. तेवढी जागा रकान्यात नाही असं कळलं.

श्री. थर्मन गिलियम यांना मी ते पाळण्यात असल्यापासून ओळखते. ते शाळेत शिकवत. गेल्या जूनमध्ये ते नगराध्यक्ष म्हणून निवडून आले. या गावाने त्या खुर्चीवर काळा माणूस बसवल्याची ही पहिली वेळ. मी त्यांना मत दिलं. निकालाच्या दिवशी माउंट नीबो चर्चमध्ये मी चार कोंबड्या तळल्या. मी नाचलेही. हे माझ्या डॉक्टरांना कळवण्याची गरज नाही.

कोर्टापुढे पेकानच्या झाडाखाली चार बाकं होती. ती १९६५ सालापर्यंत गोऱ्यांची होती. तशी पाटी नव्हती, लागतही नव्हती. शनिवारी बाजाराला आलेले आमचे लोक कोर्टाच्या मागे, उभ्या गाड्यांच्या सावलीत थांबत. मी तिथे चाळीस वर्षं उभी राहिले आहे. त्यातली काही वर्षं पोटुशी होते.

१९६५ च्या ऑक्टोबरात एका शनिवारी माझे पती ल्यूशियस म्हणाले, ‘‘चल, बसू.’’ मी विचारलं, ‘‘कुठे?’’ ते म्हणाले, ‘‘बसायला असतं त्याच्यावर.’’ आम्ही डावीकडून दुसऱ्या बाकावर बसलो. जवळ उकडलेल्या शेंगांची पिशवी होती. ल्यूशियसनी टोपी गुडघ्यावर धरली होती आणि ते बाकाच्या अगदी कडेला बसले होते. त्यांनी पाठ टेकली नाही. वर्षभर टेकली नाही. मग एका शनिवारी टेकली. त्या दिवशी मी शेंगा सोलत राहिले. तारीख विचारल्यास सांगता येणार नाही. ते १९७१ साली वारले. तोपर्यंत दर शनिवारी आम्ही त्या बाकावर बसत होतो. पुढे मी बसत होते.

माझ्याकडे कपडे उकळायचा बिडाचा मोठा हंडा आहे. तो माझ्या आजीचा. आजी गुलामीत जन्मली होती. त्या काळी आपसांत प्रार्थना करायची किंवा मालकाविषयी बोलायचं, तर दाराशी हंडा पालथा घालत, म्हणजे आवाज हंड्यात पडतो व बाहेर जात नाही, असं ती सांगे. खरोखर पडतो का, ते मी सांगू शकत नाही. पण माझ्या अंगणात दर सोमवारी धुणं वाळत घातलं की आम्ही बायका तोच हंडा पालथा घालत असू आणि भोवती बसून गावच्या नगराध्यक्षांविषयी बोलत असू. असे चार नगराध्यक्ष आम्ही त्या हंड्याखाली घातले. एकाचा केसांचा टोप, एकाची मेहुणी, एकाचं भाषण. चौथा दोनदा निवडून आला म्हणून दोनदा घातला. आताच्या नगराध्यक्षांची आई एस्सी गिलियम नकला करी. ती टोपवाल्याची नक्कल करायची तेव्हा इझोला मॅबेरीला हसू आवरायला उठून घराच्या मागे जावं लागे. बाहेरून कुणी पाहिलं तर पाच बायका दमून बसल्या आहेत, एवढंच दिसे. तसं बोलणं आता कुणाला येत नाही. हल्ली लोक नुसते चिडतात. एस्सी, तिची बहीण आणि रूबी टेट या वारल्या आहेत. मी व इझोला आहोत.

चालू महिन्याच्या १० तारखेस, बुधवारी सकाळी, नगरपालिकेच्या माणसांनी चारही बाकं उखडून ट्रकमध्ये घालून नेली. शर्ट शिवायचा कारखाना काढणारे लोक २२ तारखेला गाव बघायला येणार आहेत. चौकात दिवसभर माणसं बसलेली दिसली तर गाव रिकामटेकडं वाटतं, असं श्री. गिलियम सभेत म्हणाले. मी सभेला नव्हते. जे होते त्यांनी टाळ्या वाजवल्या असं समजलं.

आज सकाळी दहाच्या सुमारास मी शेजारी राहणाऱ्या इझोलाच्या मुलाला त्याची पिकअप गाडी काढायला सांगितली व हंडा कोर्टापुढे नेला. डावीकडून दुसऱ्या बाकाच्या जागी जमिनीत चार भोकं राहिली आहेत. तिथे हंडा पालथा घातला. पालथा घातला की त्याचे बोटभर तीन पाय वर येतात, म्हणून मध्ये गोधडीची घडी घातली आणि बसले. मी कुणाला काही बोलले नाही. फलक धरला नाही. शेंगा खाल्ल्या. टरफलं पिशवीत टाकली.

अकराच्या सुमारास समोरच्या खिळे-हत्यारांच्या दुकानाचे मालक श्री. ऑर्विल प्रूएट हे थंड पेयाची बाटली घेऊन आले. ते गोरे आहेत. ते म्हणाले, ‘‘ओलेथा, तू बसलीस ते बरं केलंस. मी तुम्हा लोकांना आधीच सांगितलं होतं. कारभार म्हणजे शाळेचा वर्ग नव्हे. आता कळलं ना?’’

मी म्हटलं, ‘‘मिस्टर प्रूएट, तुमच्या माणसांविषयी मोठ्याने बोलायला मला सत्तर वर्षं थांबावं लागलं. माझ्या माणसाविषयी बोलायला मला तुमची मदत नको. बाटली घेऊन जा.’’

त्यांनी बाटली नेली. परत येऊन माझा फोटो काढला. हंडा पालथा का, हे त्यांनी विचारलं नाही. म्हातारी बाई भांड्यावर बसली आहे, एवढंच त्यांना दिसलं.

नंतर इझोला मॅबेरी आली. तिला मात्र आल्याआल्याच दिसलं. ती म्हणाली, ‘‘ओलेथा, ऊठ. ऊठ आधी. लाज नाही वाटत?’’

मी म्हटलं, ‘‘तीन पाय टोचतायत, तेवढं वाटतंय.’’

‘‘सहा आठवडे झालेत त्याला खुर्चीवर बसून. सहा! ते सगळे टपून बसलेत तो कधी पडतो म्हणून. त्यात तू एक कशाला?’’

‘‘मी त्याच्या विरुद्ध नाही. मी बाकाच्या बाजूने आहे.’’

‘‘त्यांना फरक कळतो?’’

‘‘म्हणून तर हंडा आणला. त्यांना कळत नाही, आपल्याला कळतं.’’

‘‘आपल्याला कळतं तेच तर वाईट,’’ असं म्हणून इझोला रडली. आमची ओळख अडुसष्ट वर्षांची आहे. ती माझ्यासमोर फार वेळा रडलेली नाही. मी तिला शेंगा दिल्या, तिने घेतल्या नाहीत.

बाराला दहा मिनिटं असताना श्री. गिलियम स्वतः चालत आले. बाह्या दुमडलेल्या होत्या. ते माझ्यासमोर उकिडवे बसले. आमच्या चर्चमध्ये वयस्क बायकांना मदर म्हणतात. ते म्हणाले, ‘‘मदर पिकेट, हंडा पालथा आहे.’’

‘‘माझी नजर अधू आहे, थर्मन, पण तेवढं मलाही दिसतं.’’

‘‘म्हणजे माझ्या कारभारात हंडा पालथा घालून बोलायची वेळ आली, असं म्हणताय तुम्ही?’’

‘‘मी काही म्हटलंय का? मी बसलेय.’’

‘‘दोनशे लोकांना काम मिळेल. तुमच्या नातीलाही मिळेल.’’

‘‘मिळू दे. दोनशे बुडं आहेत त्यांना.’’

ते हसले. ते हसणं एस्सीचं होतं, म्हणून मी क्षणभर दुसरीकडे पाहिलं. मग ते म्हणाले, ‘‘माझी आई आज असती तर इथे तुमच्या शेजारी बसली नसती.’’

मी म्हटलं, ‘‘बसली असती. आणि तुझी नक्कल केली असती. बाह्या दुमडण्यापासून सुरुवात केली असती.’’

हे मी बोलायला नको होतं. त्यांचं हसणं थांबलं. ते उठले, गुडघ्याची माती झटकली आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘घरी येऊन कानात सांगितलं असतंत तर मी ऐकलं नसतं का?’’

मी म्हटलं, ‘‘कानात सांगायला मी चाळीस वर्षं नगराध्यक्षांच्या बायकांच्या स्वयंपाकघरात होते. त्यातून एक बाक आलं नाही.’’

ते निघून गेले. पोलिसांना त्यांनी बोलावलं नाही. नगरपालिकेच्या कचेरीतून कुणीतरी फोन केला. साडेबाराला अंमलदार सायक्स आले, मला हात देऊन उठवलं आणि हंडा गाडीच्या डिकीत घातला. हंडा डिकीत जायला दोन माणसं लागली. मी विरोध केला नाही.

ठाण्यात अंमलदार सायक्स म्हणाले, ‘‘मदर पिकेट, मी असं लिहितो की तुम्ही दमलात म्हणून बसलात, कुणाविषयी तक्रार नाही. खाली खूण करा, मी घरी सोडतो. नाहीतर रस्ता अडवल्याचा कागद करावा लागेल आणि न्यायाधीशापुढे उभं राहावं लागेल.’’ त्यांनी असंही सांगितलं की इथल्या साप्ताहिकाचा माणूस दर सोमवारी येऊन ठाण्यातले कागद वाचतो. साप्ताहिक श्री. प्रूएट यांच्या मेहुण्याचं आहे. कागदात नगराध्यक्षांविषयी काही आलं तर ते पहिल्या पानावर जाईल.

मी विचार करायला वेळ मागितला. तो मिळाला, पाणीही मिळालं.

विचारांती सांगते की, हंडा नेला ती माझी चूक झाली. हंडा ज्यांच्यासाठी होता, त्यांच्याविषयी उघड बोललं तर घर जळत असे. हे लोकांकडून ऐकलेलं नाही. १९२२ साली आमचं जळलं आहे. थर्मन गिलियम माझं घर जाळणार नाहीत. ते चिडतील, आणि रविवारी चर्चमध्ये माझ्याशी बोलणार नाहीत. त्यांच्याशीही मी टोपवाल्याशी वागावं तसं आडून वागले. तसं वागायचं होतं तर त्यांना निवडून कशाला दिलं? कोंबड्या कशाला तळल्या? हंडा पालथा घातला म्हणून मी त्यांची माफी मागते. बसले म्हणून मागत नाही.

मी दमले म्हणून बसले नव्हते. तसं लिहू नये. मी घरी दमते, तिथे खुर्ची आहे.

साप्ताहिकवाल्यांना काय छापायचं ते त्यांनी छापावं. श्री. प्रूएट यांना बरं वाटेल, याचं मला वाईट वाटतं. पण त्यांना बरं वाटू नये म्हणून मी गप्प बसले, तर माझ्या तोंडावर अजून त्यांचाच हात आहे असं होईल. म्हणून जे सांगायचं ते सरळ सांगते. कारखान्यात दोनशे माणसांना काम लागेल, हे मला मान्य आहे. डावीकडून दुसऱ्या बाकावर माझे पती सहा वर्षं बसले. त्यांतली पाच वर्षं पाठ टेकून बसले. ते रिकामटेकडे नव्हते. ते वयाच्या सातव्या वर्षापासून दुसऱ्याच्या कापसात होते. बाकं परत लावावीत. पाहुणे येतील तेव्हा त्यांनाही बसायला सांगावं.

रस्ता अडवल्याचा कागद करायचा असल्यास करावा. न्यायाधीशापुढे उभं राहायची माझी तयारी आहे. फार वेळ उभं राहवत नाही, एवढी नोंद घ्यावी.

हा जबाब अंमलदार सायक्स यांनी मला पहिल्यापासून वाचून दाखवला. मला अक्षर येत नाही. पण आमच्या चर्चमध्ये एकजण गाण्याची ओळ सांगतो आणि बाकीचे ती मागून म्हणतात, पुस्तक कुणाकडे नसतं. तसं लहानपणापासून गात आल्याने ऐकलेली ओळ माझ्याकडून सांडत नाही. वाचताना एक वाक्य आलं नाही. मी पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा आलं नाही. मी म्हटलं, ‘‘वेंडेल, ‘सरळ सांगते’ याच्या पुढे आणि कारखान्याच्या आधी मी एक वाक्य ठेवलं होतं. ते कुठे गेलं?’’

ते म्हणाले, ‘‘मदर पिकेट, ही नोकरी मला नगराध्यक्षांनी दिलीय. माझं लग्न व्हायचंय.’’

मी म्हटलं, ‘‘तुझं वाक्य नाही ते, माझं आहे. तू फक्त लिही.’’

त्यांनी पेनाचं टोपण दोनदा लावलं आणि दोनदा काढलं. मग कागदाच्या समासात लिहिलं व मोठ्याने वाचून दाखवलं : ‘थर्मन गिलियम आमचे आहेत, मी त्यांना मत दिलं आहे, आणि बाकं काढली ते त्यांनी चूक केलं.’

समासातल्या वाक्याशेजारी एक आणि जबाबाखाली एक, अशा दोन फुल्या मी स्वतःच्या हाताने केल्या आहेत. आता मी बोलले तेवढं सगळं यात आहे.