नैर्ऋत्य कोपऱ्यातली खाट

शिवगंगा : बघितलंस? परत घासून पाठवला डबा. चारी पुडं आरशागत. तोंड बघून घे त्यात.

विद्याश्री : बरंच झालं की आत्ती. तुमचं काम वाचलं.

शिवगंगा : काम वाचलं म्हनं! अगं, डबा घासून कोन देतं? शेजारीन देती. पावणं देत्यात. घरचा मानूस खरकटा डबा टाकतो आनि वर इचारतो, मीठ का कमी हुतं. पाच वर्सं झाली तुझा सासरा मळ्यात जाऊन ऱ्हायलाय. पाच वर्सांत मीठ कमी न्हाई, तिखट जास्ती न्हाई, एक शब्द न्हाई. परवा मी मुद्दाम आमटीत मीठच घातलं न्हाई.

विद्याश्री : अगं बाई! मग?

शिवगंगा : मग काय. डबा घासून आला.

विद्याश्री : मामा काहीच बोलले नाहीत? ह्यांच्याकडं निरोप तरी?

शिवगंगा : अमरेशकडं? त्यो दुधाच्या किटल्या आनतो, डबा आनतो, निरोप काय आनत न्हाई. सांगतो काय, तर आप्पा म्हशीसंगं कानडीत तास तास बोलत बसत्यात. म्हशीसंगं कानडी! आनि बायकोसंगं मराठीत एक अक्षर न्हाई. म्हशीला माझ्या चुगल्या सांगत असत्याल. म्हनूनच दूध कमी देती ती... आनि तू काय चालवलंयस? खाट का ओढतीस माझी?

विद्याश्री : जरा त्या अंगानं धरा की. ही नैर्ऋत्येला न्यायची आहे.

शिवगंगा : कुठं?

विद्याश्री : त्या कोपऱ्यात, धान्याचं पिंप असतं तिथं. दक्षिण आणि पश्चिम मिळते ना, तो कोपरा. मी चार रविवार राजारामपुरीत जात होते, ते शिवणाच्या क्लासला नाही.

शिवगंगा : मला वाटलंच. चार रविवारांत एक झबलं शिवून झालं न्हाई. मग कुठं जात हुतीस?

विद्याश्री : फेंगशुईच्या क्लासला. चिनी शास्त्र आहे. घरातली कुठली वस्तू कुठं ठेवली म्हणजे घरात प्रेम येतं, शांती येते, ते शिकवतात. नैर्ऋत्य कोपरा नवरा-बायकोचा. तिथं खाट ठेवली की गेलेलं माणूस घरी येतं.

शिवगंगा : गडमुडशिंगीत माझी खाट कुठं ठिवायची ते आता चिन्यांनी सांगायचं व्हय?

विद्याश्री : आत्ती, धरा.

शिवगंगा : धरते की. धरत न्हाई कुठं म्हटलं? सावकाश, पाय घासतोय तिचा. पिंप कोन हलवणार? ज्वारी हाय त्यात.

विद्याश्री : ते मी सकाळीच यांच्याकडून हलवून घेतलं. आता दोन उशा ठेवायच्या. एक नाही, दोन.

शिवगंगा : दुसरीवर काय मांजर झोपवायचं?

विद्याश्री : आणि इथं जोडी ठेवायची. एकट्या वस्तूनं एकटेपणा येतो. मॅडम म्हणाल्या, बदकांची जोडी. मी महाद्वार रोडला सगळी दुकानं फिरले, मिळाली नाही. एकानं काचेची दाखवली, तर त्यातल्या एकाची चोच फुटलेली.

शिवगंगा : बदक! अगं, आमच्या बापजाद्यात कुनी बदक पाळलं न्हाई. बदकाचा संसार मला काय ठावं? देवळीत बेंदराची मातीची बैलं हायत, ती आन. बैलाचा संसार मला कळतो.

विद्याश्री : चालतील का ती?

शिवगंगा : चिनी मानूस बघाय येतोय व्हय हितं? आन... हं. आता अशी समोरासमोर का ठेवलीस?

विद्याश्री : तसंच सांगितलंय. दोघांनी एकमेकांकडं बघायला पाहिजे.

शिवगंगा : ते बदकाला. बैल समोरासमोर आला की शिंगं लावतो. जोडीचा बैल दुसऱ्याकडं बघत न्हाई, म्होरं बघतो. शेजारचा हाय का न्हाई ते त्याला खांद्याला कळतं. अशी ठेव, बाजूबाजूला. डावा तो डावीकडं. व्हय.

विद्याश्री : आता कपाट. कपाटाचा अर्धा भाग मोकळा करायचा, येणाऱ्या माणसाला जागा पाहिजे. किल्ली द्या.

शिवगंगा : कपाटाला हात लावू नकोस.

विद्याश्री : का? उघडंच आहे की... आत्ती. हे सदरे मामांचे?

शिवगंगा : मग काय माझे?

विद्याश्री : इस्त्रीचे आहेत. धोतर पण. टोपी पण कडक. इस्त्री कुणी केली? आपल्याकडं इस्त्री बिघडून दोन वर्षं झाली.

शिवगंगा : तांब्यात निखारं घातलं की हुती इस्त्री. आमच्या लग्नात तशीच केली हुती. बंद कर ते.

विद्याश्री : मामा तर हे घालत नाहीत. मळ्यात दोनच सदऱ्यांवर असतात.

शिवगंगा : घालत न्हाईत. म्हनून काय कसर लागू द्यायची? दर दसऱ्याला उनं दावते, घडी मोडून परत घालते. त्यात काय एवढं बघायचं!

विद्याश्री : मी काय मोकळं करायचं मग? अर्धं कपाट तुम्ही पाच वर्षं राखूनच ठेवलंय की.

शिवगंगा : झालं तुझं शास्त्र? चहा टाक.

विद्याश्री : एक राहिलं. दहा मिनिटं गप बसायचं. डोळे मिटून श्वासाकडं लक्ष द्यायचं. घर शांत व्हायचं तर आधी माणूस शांत पाहिजे.

शिवगंगा : हे बी चिनी? अगं, तळहातावर इष्टलिंग घेऊन रोज पाऊन तास बसते मी. तुझी मॅडम जन्मली नसंल तवापास्नं.

विद्याश्री : तेव्हा तुम्ही मंत्र म्हणता. इथं काही म्हणायचं नाही. मनात येईल ते येऊ द्यायचं, बघायचं, जाऊ द्यायचं. त्याच्याशी भांडायचं नाही.

शिवगंगा : भांडायचं न्हाई?

विद्याश्री : अजिबात. उत्तर सुद्धा द्यायचं नाही.

शिवगंगा : अवघड हाय गं हे. बरं, बसले. मिटले डोळे... ही खाट हितं चांगली दिसत न्हाई.

विद्याश्री : बोलायचं नाही.

शिवगंगा : ...

विद्याश्री : श्वास आत. श्वास बाहेर.

शिवगंगा : ...

विद्याश्री : आत्ती? काय झालं? डोळ्यांत पाणी का?

शिवगंगा : तुझा साखरपुडा आला म्होरं. जाऊ दे म्हटलं तर जाईना. मांडवात तुझ्या काकानं ह्यास्नी इचारलं, मळ्याच्या वाटणीचं काय ठरलंय, जागा कुनाच्या नावावर हाय. आनि हे उत्तर द्यायला तोंड उघडत्यात तवर मी म्हटलं...

विद्याश्री : मला माहीत आहे.

शिवगंगा : "त्यास्नी काय इचारताय, ते गोठ्यातलं मानूस. मला इचारा." भरल्या मांडवात. चाळीस पावणं खदाखदा हसलं. हे उठलं, जेवलं, सगळ्यास्नी विडा दिला, म्होरं लग्नात अक्षता टाकल्या, सगळं केलं. आनि तुझी वरात दारात आली त्या दिशी वळकटी घिऊन गोठ्यात गेलं ऱ्हायाला. एकदा बी भांडलं न्हाईत. भांडलं असतं तर मी दोन शब्द दिलं असतं, दोन घेतलं असतं, मिटलं असतं.

विद्याश्री : त्या चाळिसांत मी पण होते आत्ती. मी पण हसले होते. मान खाली घालून, पण हसले. माझा पाय ह्या घरात पडला आणि मामांचा निघाला. भावकीतल्या बायका अजून म्हणतात मला तसं. मी क्लास कशासाठी लावला असेल?

शिवगंगा : कोन म्हनतं? नाव सांग.

विद्याश्री : बघा. लगेच भांडण.

शिवगंगा : ... उद्या डबा अमरेशकडं दिऊ नकोस. तुझी स्कुटी काढ.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. मळ्यात, गोठ्यापुढं. शिवगंगेचा नवरा ईरप्पा म्हशीला वैरण घालतोय. विद्याश्री डबा घेऊन येते, मागून शिवगंगा.)

ईरप्पा : विद्या, तू का तरास घेतलास पोरी? चिखल हाय वाटंला. अमरेश आनतो की डबा... आँ. बसा. पानी देतो.

शिवगंगा : मला 'बसा' म्हनू नका. पावणी न्हाई मी.

ईरप्पा : बस मग.

शिवगंगा : मी भांडाय आलेली न्हाई.

ईरप्पा : मग?

शिवगंगा : थांबा. ही म्हनती, बोलायच्या आधी श्वास घ्यायचा. घेते... घेतला. साखरपुड्यात मी जे बोलले ते वाईट बोलले.

ईरप्पा : काय बोलली हुतीस?

शिवगंगा : तुमास्नी ठावं हाय.

ईरप्पा : तुझ्या तोंडून ऐकतो.

शिवगंगा : गोठ्यातलं मानूस म्हटलं मी तुमास्नी. सुनंच्या म्होरं सांगते. त्या वक्ताला चाळीस मानसं हुती, आता ही एकच हाय, चालवून घ्या. चाळीस गोळा करायची तर जेवन घालावं लागंल.

ईरप्पा : त्ये लागलं न्हाई मला.

शिवगंगा : आँ?

ईरप्पा : खोटं काय त्यात? जन्म गोठ्यात गेला माझा. म्हशीला कळ लागली तर लांबनं कळतं मला. त्या शब्दाचा राग आला न्हाई.

शिवगंगा : मग पाच वर्सं कशाला हितं?

ईरप्पा : सगळी हसली. हसू देत. मी तुझ्याकडं बघितलं. म्हटलं, आता ही सावरून घेईल. तर तू बी हसत हुतीस.

शिवगंगा : मला न्हाई आठवत.

ईरप्पा : मला आठवतंय.

विद्याश्री : मामा, मी पण हसले होते.

ईरप्पा : तू परक्याची पोर हुतीस गं. तुझं काय घिऊन बसायचं.

शिवगंगा : ... हसले असंन. व्याह्यांची बागायतदार मानसं, मी तिसरी शिकलेली. मी बोलले आनि सगळं माझ्याकडं बघून हसाय लागलं. मला वाटलं, मी उंच झाले. पाय कुनाच्या पाठीवर हाय ते खाली वाकून बघितलं न्हाई.

ईरप्पा : (वैरणीची पेंढी उचलतो.)

शिवगंगा : बोला की काईतरी. का कानडीत इचारू?

ईरप्पा : अमरेश म्हनत हुता, घरात काय हलवाहलवी चाललीया. पिंप हलवलं म्हनं.

विद्याश्री : खाट नैर्ऋत्येला घेतली मामा. पिंपाच्या जागेवर.

ईरप्पा : तितं? अगं, तितं गळतंय! वरची दोन कवलं सरकल्यात. म्हनून तर मी पत्र्याचं पिंप ठेवलं हुतं तितं. आज पहाटं सर येऊन गेली की.

विद्याश्री : आत्ती, गळलं? मला बोलला नाहीत.

शिवगंगा : पातेलं ठेवलं उशाशी. त्यात काय बोलायचं.

ईरप्पा : मग खाट मागं का ओढली न्हाईस?

शिवगंगा : विद्या म्हनाली हुती तितंच ठेवायची.

ईरप्पा : तू कवापास्नं दुसऱ्याचं ऐकाय लागलीस?

शिवगंगा : तितं ठेवली की मानूस घरी येतं म्हनं.

विद्याश्री : मामा, वैरण सांडली खाली.

ईरप्पा : सांडू दे. उचलंल ती... भिजलीस का गं?

शिवगंगा : एक खांदा. वाळला.

ईरप्पा : मी सांच्याला शिडी घिऊन येतो. कवलं नीट करून जातो.

शिवगंगा : कवलं नीट करायला गवंडी मिळतो गावात. पिराजीला हाक मारली की येतोय. 'करून जातो' म्हनायचं असंल तर येऊ नका.

ईरप्पा : मग काय म्हनू? पाच वर्सं झाली त्या उंबऱ्याला. तूच सांग. येऊ का?

शिवगंगा : पाटील मंडळी तुमास्नी शहाणं म्हनत्यात, पंचात बसवत्यात. मी सुनंच्या म्होरं सांगते, तुमी अडाणी हायसा. आपल्या घरी मानूस इचारून येत न्हाई.