परत आलेला फोन

—छे हो, वापरलेला माल नाही, फक्त खोका उघडलेला! लोक घेतात, उघडतात, मन फिरतं, परत करतात—मी निम्म्या किमतीत विकते. आणि परत का आला ते प्रत्येक खोक्यावर लिहिते, खरं तेच. वाचा ना. हा मिक्सर—‘सासूबाई दचकतात.’ हे हेडफोन—‘नवऱ्याला हाक ऐकू जात नाही’. परत कोणी केले? बायकोनेच. हसताय काय, माल ठणठणीत आहे.

तो होय? मोठ्या बटणांचा फोन... हो, ‘माणूस आडमुठा’ असंच लिहिलंय. माझाच दादा तो. आता विचारलंत म्हणून सांगते—चार वर्षं अबोला आमचा. कशावरून? आईच्या शिलाई मशीनवरून, घ्या! मशीन चालतही नव्हतं, तरी दोघांना हवं. शेवटी म्हटलं, मी धाकटी, मीच नमतं घेते. दादाला ऐकू कमी येतं, दिसतंही कमी, म्हणून हा फोन पाठवला, आत चिठ्ठी—‘एकचं बटण दाब, मला लागेल.’ नंबर मीच भरला. आठ दिवसांत फोन परत. सोबत एक ओळ नाही. म्हटलं, राहा बाबा तुझ्या तोऱ्यात. रडले का? छे, दुकान उघडं होतं. किंमत लावली नि मांडला.

चालू करून बघायचाय? बघा की. परत आलेला प्रत्येक नग मी तपासते, मगच फळीवर—हा तेवढा राहिला. हात लावावासा वाटेना. झाला चालू? बघा, वापरलाच नाही त्याने. काय? कॉल दिसतायत? कोणाला? ‘छोटी’? इकडे द्या. अहो, छोटी म्हणजे मीच, दुसरं कोण. एकाच संध्याकाळी... सात, आठ, नऊ वेळा. आणि मला एकदाही—थांबा, नंबर बघू दे.

हा तर माझा जुना नंबर. दोन वर्षं झाली बंद करून. बोटांना तोच पाठ, तोच भरला मी—जगाचा माल तपासते, मेली मी! बंद नंबरवर ती बाई काय बोलते, त्याला कुठलं ऐकू यायला. त्याला वाटलं असणार, छोटी उचलतच नाही. नऊ वेळा, हो. आडमुठा माणूस नऊ वेळा करेल का फोन?

नाही, हा विकायचा नाही. किंमत काही का लिहिलेली असेना. मिक्सर न्या, नाहीतर उद्या या—उद्या नको, परवा या. आता बाहेर व्हा बघू, मला शटर ओढायचंय, शेवटची बस पाचला आहे.