फ्लॉपी माझ्या खिशात

अंबडला आमच्या कारखान्याच्या गेटवर पावत्या काढायचा कॉम्प्युटर होता, राव, लय विसराळू! दर ट्रकला सेटिंगची फ्लॉपी परत वाचायचा. त्यात वेळ जायचा, बाहेर रांगेत ड्रायव्हर शिव्या घालायचे.

कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या सुनीता मॅडमनी प्रोग्राम बदलला. मॅनेजर म्हणाले, "आज रांग लागली, तर जुनाच प्रोग्राम परत टाकायचा."

मला कुठलं गप्प बसवतंय? मशीन चालू झाल्यावर मी हळूच फ्लॉपी काढून खिशात घातली. तरी पावत्या सटासट सुरूच!

मॅनेजर वाकून बघतात, तर फ्लॉपीची खाच रिकामी. "मग हा वाचतो कुठून?"

मॅडम म्हणाल्या, "चालू होताना एकदाच वाचतो, साहेब, आणि लक्षात ठेवतो. दर ट्रकला तेच तेच विचारत नाही."

मी हसत फ्लॉपी पुढे केली. साहेबांनी जुन्या प्रोग्रामची फ्लॉपीही माझ्या हातात ठेवली. "आबा, आता हीसुद्धा लपवा."