चहा मी सांडला नव्हता

मी कोलशेतची, आगऱ्यांची पोर. बापूस आधी मिठागरावर होता, मिठागरं गेली तसा मंडपाची लायटिंग करायला लागला, आणि आमच्याकडे हळद म्हणजे अख्खा गाव नाचतो, तर प्रत्येक हळदीला आमच्याच माळा, आणि त्या माळांचे जोड मी मारायची, सातवी-आठवीत असल्यापासून. रंजना, जरा ती वायर बघ गं, असं बापूस बोलायचा आणि मी बघायची, भीती म्हणून नाय.

तिथनं नाटकात आली ती दिगंबरदादामुळे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत नाटकांचे लाइट तो करायचा, आमच्या गावातच राहायला आलेला, त्याने मला हाताखाली घेतली. शिकवलं त्यानेच, ते मी नाकारत नाय, खोटं कशाला बोलू. सहा वर्षं शिडीवर चढली, केबली ओढल्या, मग एक दिवस तो बोलला, रंजे, नवीन नाटकाला बोर्डावर तू बस, तुझं नाव अनाउन्स करायला सांगतो. काय सांगू तुम्हाला, आईला नवीन साडी नेसवून पहिल्या रांगेत बसवलेली मी.

आता बोर्ड म्हणजे काय ते सांगते, नायतर पुढचं कळणार नाय. सगळे लाइट ज्याच्यावरून चालतात तो बोर्ड. त्याच्या स्वतःच्या पडद्यावर जेमतेम दोन ओळी दिसतात, बाकी पुढचा लाइट कुठला, किती, कधी, ते सगळं बाहेर जोडलेल्या मॉनिटरवर. तो काळा पडला की ऑपरेटर आंधळा. आणि आमच्यात पहिल्या प्रयोगाला बोर्डाची पूजा करतात, हळदकुंकू, फूल, नारळ. नारळ बाजूला खाली फोडायचा असतो, पण दादाला घाई, त्याने तो बोर्डाच्या टेबलाच्या कडेवरच फोडला. पाणी गेलं ते बोर्डाच्या मागे, जिथे मॉनिटरची वायर लागते तिथेच. मी फडक्याने पुसतेय तोवर मॉनिटर काळा. निर्माता धावत आला, काय झालं, काय झालं, आणि हा माणूस, माझ्या आईला ऐकू जाईल असा, बोलला, हिने चहा सांडला.

चहा. मी चहा प्यायलीच नव्हती त्या दिवशी. पण दादा म्हणायची ना, तोंडावर कसं बोलणार, गप्प राहिली. माझी चूक तीच. नाव अनाउन्स झालं नाय, बोर्डावर तो बसला, आणि मी नऊ वर्षं, नऊ वर्षं चहावाली. कुठल्याही थेटरात गेली की माणसं बोर्डाजवळचे कप उचलायची, हसायची, आली रे चहावाली. बोर्डावर कोणी बसवेना. आई शेवटपर्यंत विचारायची, अगं खरंच सांडलास का गं.

मग मी मानपाड्याला, बोर्ड रिपेअर करतात तिथे कामाला लागली. बोर्डाच्या पोटात काय असतं ते तिथे शिकली, आणि शिकताना एकच माणूस डोळ्यासमोर होता.

यंदा कल्याणला दुपारचा प्रयोग होता, त्या नाटकाच्या निर्मात्याचा फोन, रंजनाताई, नवीन बोर्ड घेतलाय, बाहेरचा मॉनिटर लागत नाय, तीन बदलून झाले, या ना. विचारलं बोर्डावर कोण. दिगंबरदादा. मी बोलली, निघाली बघा.

गेली तर दादा घामाघूम. मॉनिटर बदलले, वायर बदलली, बोर्ड चारदा बंद-चालू केला, सगळं करून बसलेला. मी मागे वाकली. बोर्डाचं भोक एका जातीचं, मॉनिटरची वायर दुसऱ्या जातीची, म्हणून मध्ये एक छोटा जोड लागतो. तो दोन प्रकारचा मिळतो, दिसायला सारखाच, पण एकाच्या पोटात चिप असते, एकाच्या नसते, आणि या बोर्डाला चिपवालाच चालतो. त्यावरचं बारीक अक्षर वाचलं, दादाचा बिनचिपीचा. चिपवाला माझ्या पिशवीत होता.

आणि मी काय केलं, तर तिसऱ्या रांगेत जाऊन बसली आणि चहा मागवला. दादा बोलला, रंजे, बघ ना. मी बोलली बघते, आधी तो हेडफोन लाव, ज्यावर साउंडवाला, पडदेवाला, विंगेतले सगळे ऐकतात, आणि सांग त्या पूजेला काय सांडलं. तो बोलला, झालं गेलं ते. मी फुंकर मारून चहा प्यायली. पहिली घंटा झाली. निर्माता बोलला, दिगंबर, काय असेल ते सांगून टाक बाबा. दुसऱ्या घंटेला सांगितलं त्याने, नारळ मी फोडलेला, पाणी माझ्या हातून गेलं, रंजनाने चहा सांडला नव्हता. मी बोलली, मोठ्याने. परत सांगितलं.

मग जोड बदलला, आधी मॉनिटर चालू केला, मग बोर्ड. लागला. प्रयोग संपल्यावर माझा जोड काढून घेतला आणि त्याचा बिनचिपीचा परत लावून दिला. त्याला वाटतं हिने आत काहीतरी सेटिंग केलं. आणि विचारणार कुणाला, एवढा मोठा लाइटवाला.

आता प्रयोग लागला की मॉनिटर काळा, की फोन, की मी जाते. नवीन थेटर, नवीन माणसं, हेडफोनवर तेच वाक्य. कल्याण झालं, डोंबिवली झाली. परवा हात जोडले त्याने, रंजे, आता तरी माफ कर, वय झालं माझं. झालंय खरं, शिडी चढवत नाय त्याला. वाईट वाटलं का, तर वाटलं थोडं. पण आई गेली ती मीच सांडला असं समजून गेली. मी बोलली, दादा, देव तुला उदंड आयुष्य देवो. अगदी मनापासून बोलली. ठाणं अजून बाकी आहे.