तुळईचं दुसरं टोक

खोटारडे! नाही, मी नावं घेणार नाही, पण म्हणाले होते ना सगळे, 'येतो'? 'नक्की येतो', 'छान कल्पना आहे', 'शाळेसाठी एवढं तर करायलाच हवं'... आणि आले! तुम्हाला सांगतो, घोटाळा तिथेच आहे. सगळे आले! अहो, नॉर्वेत एकवेळ माणूस सासूच्या वाढदिवसाला दांडी मारेल, पण श्रमदान चुकवणार नाही. चुकवलं तर पुढचा बर्फ पडेपर्यंत लोक त्याच्या बुटांकडे बघून बोलतात. तर आले सगळे, आणि प्रत्येकाने मनात एकच हिशोब केला: हातोडी काय, दुसरा कुणीतरी आणेलच, आपण वॅफलचं पीठ नेऊ. शाळेच्या अंगणात पिठाच्या पातेल्यांची रांग, आणि आत व्यायामशाळेत हातोडी एक. माझी!

आता तुम्ही म्हणाल, एस्किल, एवढा काय तो रंगमंच, एकट्याने ठोकला असतास. तुम्ही कधी तुळई बसवलीय? तुळईला दोन टोकं असतात हो! एक तुम्ही धरता, आणि दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं!

मी इथे नाटक शिकवतो. दीड वर्ष झालं बेर्गनहून येऊन. गेल्या साली मुलांचं नाटक जमिनीवरच झालं, मागच्या रांगांना नुसते केस दिसत होते. एका आजीने नाटक संपेपर्यंत भलत्याच मुलीच्या शेंडीला टाळ्या वाजवल्या! मी भडकलो. म्हटलं, तीन चढत्या टप्प्यांचा रंगमंच हवा, सगळ्यात लहान मूलही शेवटच्या खुर्चीवरून दिसलं पाहिजे, रंगमंच म्हणजे लोकशाही आहे! मुख्याध्यापिका टोरुन बाईंनी कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "बघ बाबा. शनिवारी संध्याकाळपर्यंत भक्कम उभा राहिला तर मंगळवारचं नाटक त्यावर. नाहीतर जमिनीवर, नेहमीसारखं. मग हा विषय कायमचा बंद."

कायमचा! म्हणजे पुढची कितीतरी वर्षं शेंड्यांना टाळ्या!

म्हणून त्या शनिवारी मी लागलो कामाला. खालचे दोन टप्पे बुटके, ते झाले कसेबसे. बाहेर वॅफल भाजायचे विजेचे साचे सगळे एकदम लागले, शाळेचा फ्यूज उडाला, माझं ड्रिल मेलं, बाहेरून आवाज आला, "अरेरे!" आणि सगळे शेगडी आणायला गेले. मी हाताने स्क्रू पिळत बसलो. खिडकीतून दिसत होते सगळे, उन्हात, कोटाची बटणं उघडी टाकून हसत होते. एकाने माझ्याकडे बघून हात हलवला, मीही हलवला, त्यात स्क्रू पडला. मला नुसतं म्हणायचं होतं, 'अहो, जरा येता का?' पण दीड वर्षात मला एकाही घरातून 'ये रे जेवायला' आलं नाही, मग मीच का बोलावू? शिक्षण झालंय माझं, पण ताठा तेवढा गेला नाही!

उरला सगळ्यात उंच टप्पा. वरच्या फळ्या ठोकून झाल्या, एका बाजूचे पाय लागले. पण दुसरं टोक? दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं! तेव्हा कोपऱ्यात मला दिसला व्यायामाचा घोडा, ज्याच्यावरून मुलं उड्या मारतात तो, कातडी पाठीचा. आणला ओढत, तुळईचं टोक ठेवलं त्याच्यावर, म्हटलं, "धरा हं घोडेराव, तुम्ही तरी नाही म्हणू नका." नाही म्हणाला नाही. मी पाय ठोकायला खाली सरपटत शिरलो आणि घोडेराव निघाले फिरायला. घोड्याला चाकं असतात, आणि चाकांना खटका असतो, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं! फळ्या आल्या खाली... आणि थांबल्या. माझ्या पाठीवर. मी रांगतोय तसा, दोन्ही हात जमिनीवर, तुळई खांद्यांवर. शिक्षक हा समाजाचा कणा असतो, असं मी एका भाषणात म्हणालो होतो. जोरात म्हणालो होतो!

ओरडणारच होतो. तोंड उघडलं, आणि दार उघडलं. टोरुन बाई, आणि मागून सगळं गाव, तोंडात वॅफल.

"अरे वा," टोरुन बाई म्हणाल्या, "झाला की! एस्किल कुठाय?"

"खाली आहे," कुणीतरी म्हणालं. "काम करतोय. त्रास नको द्यायला."

त्रास नको द्यायला!

"हालगाइर, चढून बघ बरं." हा हालगाइर बँडमध्ये ट्यूबा नावाचा भलामोठा पितळी भोंगा वाजवतो. माणूस ट्यूबाएवढा, ट्यूबा त्याच्याएवढा. तो चढला. ट्यूबा घेऊन चढला! वरून म्हणाला, "थोडा मऊ वाटतोय, नाही?" आणि त्याने एक लांब सूर लावला. तो सूर फळीतून माझ्या मणक्यात, मणक्यातून पोटात... मग आणखी चार जण चढले, हसले, टाचा आपटल्या. आणि तुम्हाला सांगतो, हसू नका, मला तेव्हा एकदम बरं वाटलं. दीड वर्षात गावातली माणसं माझ्या इतक्या जवळ कधी आलीच नव्हती. मधे फक्त बोटभर प्लायवुड!

"भक्कम आहे," टोरुन बाई म्हणाल्या. "मंगळवारी इथेच."

जिंकलो! टाळ्या पडल्या, कुणाला ते कळलं नाही. सगळे उतरले, गेले पातेली विसळायला. मी तसाच. रंगमंच मंजूर, आणि त्याचा एक पाय मी! अहो, आता तरी कुणीतरी दुसरं टोक...

तेवढ्यात फळ्यांखाली एक चेहरा डोकावला. गुडवेग आजी, पहिलीतल्या एका पोराची पणजी. माझ्या नाकापुढे वॅफलची बशी सरकवली, वर तपकिरी चीजचा काप.

"घोडा सरकला ना? मी मघाशीच पाहिलं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी घोडा ढकलत आणून तुळईखाली घातला, चाकाचा खटका पायाने दाबला. मी बाहेर आलो. ताठ उभं राहता येईना.

"आजी, पाहिलंत तर बोलला का नाहीत?"

"अरे, नवीन आलास तेव्हा ऊठसूट कुणाला ना कुणाला हाका मारायचास. आज फळ्या पाठीवर आल्या तरी कुणाला हाक नाही, हूं नाही की चूं नाही." आजींनी माझ्या पाठीवरचा भुसा झटकला. "मी टोरुनलाही तेच म्हटलं, पोरगा आता आपल्यातला झाला."